कुचिंगला जायचंय? नाशिककरांचे वारंवार येणारे प्रश्न

आम्ही चौघं कुचिंगला जाऊन आलो: मी, यजमान, लेक आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. तेव्हापासून माझा फोन चौकशी खिडकी झालाय. भिशीत, योगवर्गात, गंगेवर भाजी घेताना, सगळीकडे तेच प्रश्न. प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते. प्रश्न तुमचेच आहेत, मी फक्त थोडे झाडूनपुसून घेतलेत.

ताई, कुचिंग म्हणजे कोचीच ना? केरळातलं?

नाही. आणि हा प्रश्न विचारणारे तुम्ही तेरावे-चौदावे तरी असाल. कुचिंग हे बोर्निओ बेटावरचं शहर, मलेशियाच्या सारावाक राज्याची राजधानी, सारावाक नदीच्या काठी वसलेलं. विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश वर. मलय भाषेत ‘कुचिंग’ म्हणजे मांजर, त्यामुळे चौकाचौकांत मांजरांचे पुतळे आहेत आणि मांजरांचं चक्क एक संग्रहालयही आहे. पण नाव नक्की कशावरून पडलं यावर एकमत नाही. एक तर्क असाही आहे की ते आपल्या कोचीन बंदरावरूनच आलं. म्हणजे तुमचा गोंधळ अगदीच निराधार नाही.

तिथे बघायचं काय? शहर की जंगल?

दोन्ही, पण शहर आधी समजून घ्या. गोदाघाटावर जसं एका काठाला पंचवटी आणि दुसऱ्या काठाला जुनं नाशिक, तसंच इथेही नदीने शहराचे दोन तोंडवळे केलेत. दक्षिण काठावर मेन बझार, कारपेंटर स्ट्रीट, चिनी देवळं आणि जालान इंडिया, म्हणजे खरोखरच ‘इंडिया रस्ता’, कापडाच्या दुकानांचा. उत्तर काठावर मलय वस्त्या, १८७० चा अस्ताना राजवाडा, १८७९ चा फोर्ट मार्गरीटा आणि सोनेरी छत्रीसारख्या छपराची विधानसभा.

इथला इतिहासही चमत्कारिक. भारतात जन्मलेला जेम्स ब्रूक नावाचा एक इंग्रज १८४१ मध्ये इथला राजा झाला आणि त्याच्या घराण्याने १९४६ पर्यंत, मधला जपानी अंमल सोडला तर, राज्य केलं. कंपनी नाही, गव्हर्नर नाही, सरळ राजा. मार्गरीटा हे दुसऱ्या राजाच्या राणीचं नाव. हे सगळं नीट कळावं असं वाटत असेल तर पहिल्याच दिवशी बोर्निओ कल्चर्स म्युझियम बघा. २०२२ मध्ये उघडलेली पाच मजली इमारत आहे. आम्ही शेवटच्या दिवशी गेलो आणि हळहळलो, कारण आधीचे चार दिवस जे बघत होतो त्याचा अर्थ तिथे लागला.

जंगल शहराच्या आत नाही, कडेला आहे. अर्ध्या-पाऊण तासात सेमेंगोचं राखीव रान, कुबाहचं उद्यान, बाको उद्यानाच्या होड्यांचा धक्का. सेमेंगो आणि बाकोची उत्तरं खाली वेगवेगळी दिली आहेत.

किती दिवस पुरतात? आम्ही क्वालालंपूर-लंकावी करून मध्ये दोन दिवस बसवतोय.

बसवू नका. दोन दिवसांत कुचिंग ‘होतं’, पण काही दिसत नाही. इथलं वेळापत्रक तुम्ही ठरवत नसता. भरती-ओहोटी ठरवते, पाऊस ठरवतो, रानातली फळं पिकली की नाही ते ठरवतं. पाच रात्री धरा आणि त्यातला एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवा. तो रिकामा दिवस कशासाठी, हे ओरांगउटानच्या (बोर्निओतलं मोठं तांबूस वानर) उत्तरात कळेल.

मुलू आणि नियाह इथल्या गुहांना युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा आहे (मुलूला २०००, नियाहला २०२४), पण ती ठिकाणं याच राज्यात असूनही लांब आहेत, विमानाने जावं लागतं. ती जोडायची तर आणखी तीन-चार दिवस हवेत.

कधी जावं? तिथे पावसाळा कधी असतो?

पावसाळा नसतो कधी, असं विचारा. वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस. आपला इगतपुरीचा पाऊस चार महिन्यांत न उरकता बारा महिन्यांवर पसरवला तर जसं होईल तसं. सर्वांत जोर डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या काळात समुद्र खवळलेला असतो आणि बाकोच्या होड्या रद्द होऊ शकतात. एप्रिल ते सप्टेंबर बरा.

त्यातही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १ आणि २ जूनला गवाई हा दायाक या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा सुगीचा सण असतो, बरेच जण गावी जातात, शहरातली दुकानं बंद. आणि वर्षाच्या मध्यावर रेनफॉरेस्ट वर्ल्ड म्युझिक फेस्टिव्हल भरतो (१९९८ पासून), तेव्हा हॉटेलं भरून जातात. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये एखाद्या वर्षी इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर येऊन आभाळ राखाडी होतं. २०१५ आणि २०१९ मध्ये तसं झालं होतं. दरवर्षी होत नाही.

आमच्या मुलांना सुट्टी मे महिन्यात असते, मग मेमध्ये जाऊ का? जा. उन्हाने नाही, दमटपणाने जीव काढेल एवढंच. नाशिकची कोरडी हवा अंगात मुरलेल्या माणसाला पहिले दोन दिवस आपण उकडलेल्या बटाट्यासारखे झालोय असं वाटतं.

नाशिकहून जायचं कसं?

मुंबई गाठायची, तिथून क्वालालंपूर (पाच तासांच्या आसपास), तिथून कुचिंग (पावणेदोन तास). समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे पूर्ण झाल्यापासून कसारा घाटाची धास्ती गेली, पण भिवंडीच्या पुढची गर्दी तशीच आहे. रात्रीचं विमान असेल तर घरातून दुपारीच निघा.

क्वालालंपूरला एक गंमत आहे. विमानतळाची दोन टर्मिनलं एकमेकांपासून लांब आहेत, मधे गाडीने जावं लागतं. मुंबईहून एका टर्मिनलवर उतरून कुचिंगचं विमान दुसरीकडून असेल आणि तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर बॅगा घेऊन, इमिग्रेशन करून, टर्मिनल बदलून पुन्हा रांगेत. मधे चार तास तरी ठेवा.

व्हिसा लागतो का?

१ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे. पण ही सवलत मुदतीची आहे, वाढवत वाढवत आणलेली. तिकीट काढायच्या आधी सध्याची स्थिती बघून घ्या, माझ्या या ओळीवर विसंबू नका. पासपोर्ट निदान सहा महिने चालेल असा हवा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा.

व्हिसा नसला तरी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावंच लागतं, तेही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, प्रत्येक माणसाचं वेगळं. आम्ही सासूबाईंचं भरायचं विसरलो. मुंबईच्या काउंटरवर कळलं. मागे रांग, हातात फोन, आणि सासूबाई शांतपणे विचारतायत, ‘माझ्या जन्मतारखेला काय झालं?’ मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं निघाली तर बंद करा.

क्वालालंपूरला शिक्का बसला, मग कुचिंगला पुन्हा पासपोर्ट कशाला मागतात?

कारण सारावाकचं इमिग्रेशन वेगळं आहे. १९६३ मध्ये मलेशिया झाला तेव्हा सारावाकने हा हक्क स्वतःकडे ठेवला. क्वालालंपूरचा मलेशियन माणूससुद्धा कुचिंगला उतरताना ओळखपत्र दाखवतो. त्यामुळे ‘आता देशांतर्गत विमान आहे’ म्हणून पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून चेक-इन करू नका. हे खरोखर केलेला एक गृहस्थ आमच्या विमानात होता.

सिंगापूरमार्गे स्वस्त पडतंय. चालेल?

विमान दीड तासाचंच आहे, चालेल. पण सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. एकाच तिकिटावर, बॅगा थेट कुचिंगला जात असतील आणि तुम्ही बाहेर पडणार नसाल तर वेगळी गोष्ट. दोन सुटी तिकिटं असतील, बॅग उचलून पुन्हा द्यायची असेल, तर तुम्ही सिंगापुरात ‘शिरता’ आणि व्हिसा हवाच. स्वस्त तिकिटाचा आनंद तिथेच संपतो.

ओरांगउटान नक्की दिसतो ना? मुलांना कबूल केलंय.

मुलांना कबूल करू नका.

सेमेंगो हे प्राणिसंग्रहालय नाही. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं राखीव रान आहे. १९७५ पासून तिथे अनाथ किंवा पकडलेल्या ओरांगउटानांना पुन्हा जंगलात जगायला शिकवलं गेलं, आता त्यांची पुढची पिढी तिथल्याच झाडांवर वाढलीय. दिवसातून दोनदा, सकाळी ९ ते १० आणि दुपारी ३ ते ४, वनरक्षक मचाणावर फळं ठेवतात. यायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर. रानात फळांचा हंगाम असला, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास, तर ते फिरकतही नाहीत. ज्याच्या घरी आंब्याची आढी लागलीय तो तुमच्या केळ्यासाठी कशाला येईल? आणि न येणं हे या केंद्राचं यशच आहे, कारण शिकवलं तेच त्यांनी केलं.

आम्ही पहिल्या सकाळी गेलो. वनरक्षकाने हाक दिली, लांबलचक. तासभर काही नाही. पन्नासेक माणसं माना वर करून, बोलायचं नाही म्हणून गप्प. एक खार दिसली, तिचेही फोटो निघाले. दहा वाजता परत. रिकाम्या ठेवलेल्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो. सव्वातीनला डाव्या बाजूचं एक उंच झाड वाऱ्याशिवाय वाकलं, मग त्याच्या पुढचं. शेंड्यावरून तांबूस काहीतरी सरकत आलं. मादी होती, कुशीला पिल्लू. तिने नारळ उचलला, झाडाच्या बुंध्यावर आपटला, दोन-तीनदा, मग तोंडाशी धरून पाणी ओतून घेतलं आणि शेवटचा घोट पिल्लाच्या तोंडात. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, ‘अगं, ही तर आपलीच कोणीतरी.’ मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे रान.

खाण्याची पिशवी आत नेऊ नका, फ्लॅश बंद ठेवा, वनरक्षक मागे सरा म्हणाला की सरा. मोठा नर खाली उतरला की तो गंमत करत नसतो.

बाकोला जायचं कसं? भरती-ओहोटीचं काय प्रकरण आहे?

बाको हे सारावाकचं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५७ चं. क्षेत्रफळ फक्त २७ चौरस किलोमीटर, पण त्यात खारफुटी, कडे, वाळूचे किनारे, खुरटं माळरान, घनदाट रान सगळं कोंबलेलं. जमिनीला जोडलेलं असूनही तिथवर रस्ता नाही. कुचिंगहून बाको गावाच्या धक्क्यापर्यंत गाडी किंवा बस, तिथे नोंदणी, मग वीस-तीस मिनिटं होडी. एका होडीत साधारण पाचजण.

आता भरती-ओहोटी. आपण नदीकाठचे लोक, समुद्राचा हिशेब आपल्याला येत नाही. आम्हीही हॉटेलात निवांत नाश्ता करून गेलो. ओहोटी लागली होती. होडीवाल्याने किनाऱ्यापासून बरंच आधी इंजिन बंद केलं आणि म्हणाला, उतरा. गुडघाभर पाण्यातून, चपला हातात, सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरून चालत गेलो. परतीला तो म्हणाला तीन वाजता म्हणजे तीनलाच, कारण उशीर झाला तर होडी वाळूत रुतेल. त्यामुळे आदल्या दिवशी भरतीची वेळ विचारून घ्या आणि सकाळी लवकर धक्क्यावर पोहोचा. अर्धी चड्डी आणि पाण्यात चालतील अशा सँडल.

बघायचं काय? लांब नाकाचं माकड, जे फक्त बोर्निओतच सापडतं. नराचं नाक काकडीएवढं लोंबतं आणि पोट सुटलेलं. स्थानिक लोक त्याला ‘डच माणूस’ म्हणतात, म्हणजे गोऱ्या साहेबाला लोक कसं बघत होते ते कळतं. तेलुक पाकू आणि तेलुक देलिमा या छोट्या पायवाटांवर, सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर दिसतं. लांबची लिंतांग पायवाट तीन-चार तासांची आहे, माळावर घटपर्णी (किडे खाणाऱ्या वनस्पती) दिसतात, पण पाणी भरपूर लागतं.

बाकोला एका दिवसात जाऊन यावं की राहावं?

तरुण असाल तर एक रात्र राहा. दिवसाचे पर्यटक गेले की प्राणी बाहेर येतात आणि रात्रीची चक्कर वनरक्षकांबरोबर करता येते. खोल्या साध्या आहेत आणि उद्यानाकडूनच आगाऊ घ्याव्या लागतात, आयत्या वेळी मिळत नाहीत. स्वच्छ चादर, गार खोली हवी असलेल्यांनी जाऊन यावं.

माकडं त्रास देतात का?

सप्तशृंगगडावर वावरलेल्या माणसाला सांगायला नको. पण बाकोची मकाक माकडं गडावरच्यांपेक्षा सराईत आहेत. कॅन्टीनच्या ओट्यावर मी ठेपल्यांचं पाकीट उघडलं, लेकीकडे एक सरकवण्यासाठी मान वळवली, तेवढ्यात पाकीट गेलं. छपरावर बसून त्याने ठेपले एकेक करून हुंगले, तीन खाल्ले आणि लोणच्याची पुडी आमच्या अंगावर फेकली. खाणं बंद डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. प्लॅस्टिकची पिशवी खुळखुळवली तरी ती येतात. आणि चावलं तर हसण्यावारी नेऊ नका, पुढे लसीच्या उत्तरात वाचा.

दाढीवाली रानडुकरंही कॅन्टीनभोवती फिरतात. ती निरुपद्रवी आहेत, फक्त दिसायला भीतिदायक.

ते जगातलं सर्वांत मोठं फूल दिसेल का?

रॅफ्लेशिया. लुंडूजवळच्या गुनुंग गाडिंग उद्यानात येतं, कुचिंगहून दोनेक तास. कळी पिकायला नऊ महिने लागतात आणि उमललेलं फूल चार-पाच दिवसांत काळं पडतं. त्यामुळे ‘बघू या’ म्हणून जाऊ नका. उद्यानात फोन करून फूल उमललंय का विचारा, असेल तरच गाडी ठरवा. वास मेलेल्या उंदराचा येतो. जास्वंदीसारखं कानात खोचायचं फूल नव्हे ते.

नदीत स्नान करता येईल का? आमच्या आजींचा आग्रह आहे.

नाही. सारावाक नदीत आणि किनाऱ्यालगत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, माणसं मेलेली आहेत. बाकोच्या सुंदर किनाऱ्यावरही तशा पाट्या लावल्यात. आजींना म्हणावं रामकुंड आहेच.

नदीचा आनंद होडीतून घ्या. तंबांग नावाच्या छपराच्या लाकडी होड्या या काठावरून त्या काठावर माणसं नेतात, एक-दोन रिंगिटमध्ये (रिंगिट म्हणजे मलेशियाचं चलन). संध्याकाळी साडेसहाला बसा. नावाडी पुढच्या टोकाला बसलेला असतो, पाण्यावर डिझेल आणि चिखलाचा वास, पलीकडून अजान, अलीकडे पोरांच्या गाण्याचा आवाज, आणि दहा मिनिटांत काळोख पडतो. विषुववृत्तापाशी तिन्हीसांजा लांबत नाहीत. २०१७ पासून दारुल हाना हा पादचारी पूल झालाय, त्यामुळे आता होडीची गरज उरली नाही. तरी जाताना होडीने, येताना पुलावरून.

शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं?

उपाशी राहत नाही, पण फसतो. तिथे ‘व्हेज’ म्हणजे भाजी, भाजी कशात परतली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बहुतेक पदार्थांत बेलाचान असतं, म्हणजे आंबवून दाबलेला जवळा, आपल्या सुकटीचं भावंड. प्रसिद्ध सारावाक लाक्सा कोळंबीच्या रश्शाचा, ‘कोलो मी’ नावाच्या नूडल्सवर बहुधा डुकराची चरबी. मिदिन नावाची नेच्याची रानभाजी अप्रतिम लागते, पण लसणात करून मागा, बेलाचान नको म्हणून सांगा.

पाठ करा: ‘साया माकान सायुर साहाजा’ (मी फक्त भाजी खातो), ‘ताक माऊ’ म्हणजे नको. ताक माऊ इकान (मासे), उदांग (कोळंबी), तेलुर (अंडं), बेलाचान. लेकीने हे वहीच्या पानावर लिहून घेतलं आणि प्रत्येक ठिकाणी पान पुढे केलं.

पोट भरायची खात्रीची जागा म्हणजे तमिळ मुस्लिमांची खानावळ. रोटी चनाई आणि डाळ सकाळी सहापासून मिळते. एकाच तव्यावर सगळं होतं हे मात्र मनात धरायचं नाही. धरणार असाल तर पुढचं उत्तर वाचा.

आम्ही जैन आहोत, कांदा-लसूणही नाही. आणि एकादशी आली तर?

ऐकून आश्चर्य वाटेल, पण तुमची सोय शाकाहारी ब्राह्मणांपेक्षा बरी. चिनी बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं कुचिंगमध्ये आहेत आणि पारंपरिक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असतो. दारावर 素 (चिनीत ‘शाकाहारी’) आणि इंग्रजीतही ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेलं असतं. तिथे सोयाबीनचं ‘चिकन’, ‘मासा’ असा हुबेहूब देखावा मांडलेला असतो, दचकू नका. कंदमुळांचं मात्र विचारून घ्या, बटाटा-गाजर त्यांना चालतं. अंडं घालतात का हेही विचारा.

एकादशीला फळं: केळी, पपई, रामबुतान, अननस. आणि एक गंमत. आपण उपवासाला खातो तो साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, पण मूळचा साबुदाणा सागो नावाच्या ताडाच्या गाभ्यातून काढतात आणि सारावाकमध्ये तो भरपूर होतो. मुकाहकडचे मेलानाऊ लोक तो पिढ्यान्‌पिढ्या खातात. सासूबाईंनी बाजारात सागोचं पाकीट हातात घेऊन बराच वेळ निरखलं आणि ‘खिचडी गिचका होईल’ असा निकाल देऊन ठेवून दिलं.

नाशिकहून काय खाऊ नेऊ? तिथल्या मित्रांना द्राक्षं नेली तर?

चिवडा, ठेपले, लाडू, मेतकूट बिनधास्त. ताजी फळं, रोपं, बिया, मांस नको. परवान्याशिवाय अडवतात. द्राक्षांऐवजी मनुका न्या, पाकीटबंद.

लस घ्यावी लागते का? पिवळ्या तापाची म्हणतात ती?

पिवळा ताप आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला. भारतातून थेट मलेशियाला जाणाऱ्याला ती लस लागत नाही.

काळजी दुसऱ्याच तिघांची करा. पहिला डेंग्यू: डास दिवसाही चावतात, पूर्ण बाह्या आणि मलम. दुसरा हिवताप: बोर्निओत माकडांकडून डासामार्फत माणसाला होणारा एक प्रकार आहे. शहरात धोका फार नाही, आत जंगलात मुक्काम असेल तर आपल्या डॉक्टरांना जाण्याआधी विचारा. तिसरा रेबीज: सारावाकमध्ये २०१७ पासून त्याची साथ आहे. गल्लीतल्या कुत्र्याला किंवा मांजराला, मांजरांचं शहर असलं तरी, हात लावू नका. चावा किंवा ओरखडा आला तर साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. परत आल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना कुठून आलात ते आधी सांगा.

जळवा असतात का?

असतात. पावसाळ्यात भीमाशंकरला गेलेल्यांना ओळखीच्या वाटतील. कुबाहच्या ओल्या पायवाटांवर जास्त, बाकोला कमी. लांब मोजे पँटवर चढवा. ओढून काढू नका, नखाने कडेने सरकवा.

वयस्कर आई-वडिलांना नेऊ का?

न्या, पण वाटून न्या. सेमेंगोला फाटकापासून आत बग्गीची सोय असते. म्युझियम, नदीकाठ, होडी सगळं आरामात. बाकोचं वर वाचलंतच: ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी टाळावं, कारण ओहोटीत धक्का उपयोगाचा नसतो आणि पायवाटा म्हणजे मुळांच्या पायऱ्या. सासूबाई आल्या खऱ्या, पण दिवसभर कॅन्टीनमध्ये बसून रानडुकरं बघत होत्या. त्यांच्या मते त्यांचीच सहल सर्वांत चांगली झाली.

लाँगहाऊसमध्ये खरंच कवट्या टांगलेल्या असतात?

असतात. आन्नाह राइस या बिदायुह लोकांच्या वस्तीत, कुचिंगहून दीडेक तासावर, एका घरात जुन्या लढायांतल्या कवट्या जपून ठेवल्यात. लहान मुलांना आधी कल्पना द्या. बांबूच्या लांब ओसरीवर दारं ओळीने, एकाच छपराखाली सगळं गाव. आपल्या वाड्याची आठवण येते, फक्त वाडा जमिनीवर आणि हे खांबांवर. लोक तिथे राहतात, दारातून आत डोकावू नका, चपला बाहेर काढा. तुआक ही तांदळाची दारू पुढे केली जाते. पीत नसाल तर हसून हात जोडा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

घड्याळ, प्लग, भाषा, फोन?

घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ॲडॅप्टर इथूनच घ्या. फिरायला ॲपवरची टॅक्सी सहज मिळते. बाकोला फोनची रेंज भरवशाची नाही. इंग्रजी भरपूर चालतं, आणि मलय ऐकताना मधेच ओळखीचे शब्द भेटतात: बहासा म्हणजे भाषा, मानुसिया म्हणजे माणूस, राजा म्हणजे राजाच.

ड्युरियन खावा का?

फणसाचा गरा, कांदा आणि कस्टर्ड एकत्र कुजवल्यासारखं. यजमानांनी दोन खाल्ले, मी अर्धा. हॉटेलात नेऊ नका, बऱ्याच ठिकाणी मनाई असते आणि दंड होतो.

जंगल खरंच उरलंय का? विमानातून तर सगळं ताडाचं शेत दिसलं.

बरोबर दिसलं. बोर्निओचं बरंच जंगल लाकडासाठी आणि पाम तेलासाठी गेलं. ओळीने लावलेली ती झाडं तेलाच्या पामची, आपल्याकडच्या बिस्किटांपासून साबणापर्यंत त्याचंच तेल. १८५४ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ इथे आला, पुढच्या वर्षी कुचिंगजवळच्या सांतुबोंगला बसून त्याने प्रजाती कशा उपजतात यावरचा निबंध लिहिला. त्याला दिसलेलं रान आज शहराभोवती तुकड्या-तुकड्यांत आहे. कुबाह, बाको, सेमेंगो हे ते तुकडे. म्हणूनच तिथे प्रवेशाचं तिकीट काढायला खळखळ करू नका.

येताना काय आणावं?

काळी मिरी. मलेशियातली बहुतेक मिरी सारावाकची. केक लापिस, रंगीबेरंगी पातळ थरांचा केक, चांगला टिकतो, पण अंड्याचा असतो हे घरी सांगून ठेवा. मिरी पाव किलोच्या पाकिटांत घ्या. मी एक किलोचं एकच घेतलं आणि भिशीत वाटताना पुड्या बांधत बसले.